दोन सदतीस कलमांच्या मधोमध

धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर भर वैशाखात, दुपारी बाराच्या सुमारास, शिरपूरकडे जाणारी गाडी फलाटाला लागत असताना खिडकीतून आत टाकलेले दोन रुमाल योगायोगाने एकाच आसनावर जाऊन पडतात आणि त्या आसनाच्या मालकीविषयी दोन सद्गृहस्थांमध्ये वाद उपस्थित होतो, त्या प्रसंगाचे ज्याने शांत चित्ताने अवलोकन केले असेल, त्याला खानदेशातील परंपरागत आत्मसंरक्षणपद्धतीची समग्र ओळख एका बैठकीत होऊन जाते. प्रथम उभयतांचे आवाज चढतात. मग एकमेकांच्या वंशावळीची चौकशी होते. त्यानंतर आपण कोणत्या गावचे आणि त्या गावचे कोणकोण कोणकोणत्या हुद्द्यांवर आहेत, याचा सविस्तर उच्चार होतो. आणि अखेरीस दोघेही बाह्या सरसावून अशा पवित्र्यात उभे राहतात की पाहणारास आता रक्तपात अटळ वाटावा. परंतु नेमक्या याच क्षणी दोघांच्याही पाठीमागून चारचार हात पुढे होतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवतात. "सोडा माले, आज याले दाखाडीच देसू!" असे ओरडत जो तो सुटण्याची शिकस्त करू लागतो, मात्र ही शिकस्त धरणाराच्या शक्तीबाहेर जाऊ नये, याची दक्षता शिकस्त करणारा स्वतःच घेत असतो, हे सूक्ष्म निरीक्षकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. धरणारा इसम वेळेवर उपस्थित न झाल्यामुळे मूठ वळलेल्या अवस्थेत आशेने मागे वळून पाहणारे योद्धेही मी पाहिले आहेत.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेली ही निर्धोक व्यवस्था मोडीत काढण्याचे कार्य अलीकडे कराटेच्या वर्गांनी आरंभिले आहे. जळगावात, जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांना सहज शिवून येतो आणि शहाणी माणसे दहानंतर उंबरठा ओलांडत नाहीत, तिथे शाळांच्या मैदानांवर सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या जाड कापडाच्या झुली घातलेली बालके रांगेने उभी राहून अदृश्य शत्रूच्या नाकाडावर ठोसे लगावताना दिसतात. कुंपणालगत दुचाकी गाड्यांवर रेलून बसलेला पालकवर्ग त्या प्रत्येक ठोशाबरोबर आपले पैसे वसूल होत असल्याचे समाधान अनुभवत असतो. वर्षाअखेरीस जाहीर प्रात्यक्षिक होते आणि त्यात कौले फोडली जातात. आता, ज्या मुलखात घरांवर परंपरेने मातीचे सपाट धाबे असते, त्या मुलखाचे कौलाशी वैर ते काय? ती बिचारी दुरून विकत आणायची, दोन विटांवर मोठ्या सन्मानाने मांडायची आणि सहावीतल्या मुलाकडून त्यांचा वध करवायचा, हा व्यवहार मला नेहमीच काहीसा एकतर्फी वाटत आला आहे. धाबे फोडणारा कराटेपटू अद्याप जन्माला यायचा आहे.

पट्ट्यांचे प्रकरणही असेच. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली तेव्हा पुढे जाऊन त्यांनी प्रावीण्याची खूण म्हणून काळा पट्टा दिला, एवढेच. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या प्रवासात जी रंगपंचमी आज खेळली जाते, ती मुख्यत्वे युरोपात फोफावली आणि आपल्याकडे येताना सोबत परीक्षेचे शुल्क घेऊन आली. ज्या ओकिनावाच्या गृहस्थांनी १९२२ साली कराटे टोकियोत नेले, ते गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. आणि पहिला वार आपण करायचा नाही, हा त्यांच्या शिकवणुकीचा मुख्य दंडक होता. वर्गाचा आरंभ नमस्काराने आणि शेवटही नमस्कारानेच होतो, त्याचे कारण हे. आमच्या मैदानांवर नमस्कार शिल्लक आहे, दंडक मात्र वाटेत कुठेतरी उतरून गेला असावा. मारण्याचे तीसेक प्रकार मुलास तोंडपाठ असतात. परंतु ज्याला मारायचे त्याला मारणे केव्हा अनुचित, हा एकतिसावा प्रकार शिकवण्याचे ठरल्या अभ्यासक्रमात राहूनच गेलेले असते. परिणामी पिवळा पट्टा बांधून घरी आलेला कुलदीपक पहिला प्रयोग धाकट्या बहिणीवर करतो आणि दुसरा तिची बाजू घेणाऱ्या आजीवर.

जुन्या तालमीत ही आपत्ती सहसा ओढवत नसे, कारण तिथे मुळात काही शिकायला मिळण्यासच विलंब लागे. खानदेशातील गावोगाव मारुतीच्या देवळाच्या आसऱ्याने जी तालीम उभी असे, तिथे नव्या पोराला वस्ताद पहिले काही महिने डाव शिकवीतच नसत. त्याच्या हाती फावडे येई. हौद्यातील तांबडी माती खणायची, चाळायची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी मऊ करायची, आणि मग त्या मातीत दुसऱ्यांनी लढताना आपण काठावर उभे राहून पाहायचे. पुढे जोर-बैठका, त्यानंतर थोरल्या पहिलवानांच्या अंगाला तेल चोळणे, आणि या सर्व सेवेतून जो तग धरून राही, त्यालाच एके दिवशी वस्ताद आत ओढून ढाक म्हणजे काय, कलाजंग म्हणजे काय आणि धोबीपछाड म्हणजे काय, हे त्याच्याच पाठीच्या साहाय्याने समजावून सांगत. ज्यांना कोणाचा तरी सूड घ्यायचा म्हणून घाईने कुस्ती शिकायची असे, ते आठवड्याभरात फावड्याला कंटाळून पळून जात. म्हणजे परीक्षा शिक्षणाच्या शेवटी नसून प्रारंभीच घेतली जाई, आणि ती अशा बेताने की नापास झालेल्यास आपण परीक्षेला बसलो होतो, याचा पत्ताही लागू नये. ही माती वाया गेली, असे कोणी म्हणू नये. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ या तीन वर्षी महाराष्ट्र केसरीचा मान खानदेशात आणला आणि पुढे ते पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. जिल्ह्यातील सर्वांत बलदंड मनुष्य कायद्याच्या बाजूला जाऊन बसला, यासारखी स्वस्थ झोप लावणारी वार्ता दुसरी कोणती असू शकेल?

वस्तादांच्या सावधगिरीची परमावधी सादीच्या 'गुलिस्तान'मध्ये आहे. एका मल्लाला तीनशे साठ डाव येत होते. त्यांतले तीनशे एकोणसाठ त्याने आपल्या लाडक्या शागिर्दाला शिकवले आणि एक राखून ठेवला. शागिर्द उन्मत्त झाला, गुरूपेक्षा आपण अधिक, अशी बढाई त्याने दरबारात मारली, बादशहाने कुस्ती लावली, आणि गुरूने त्या तीनशे साठाव्या डावाने त्याला उचलून आपटले. या कथेचे तात्पर्य गुरूच्या धूर्तपणात आहे, असे समजण्याचा प्रघात पडला आहे. मला ते पटत नाही. ज्या गुरूला तीनशे एकोणसाठ डाव शिकवून होईपर्यंत विद्यार्थ्याच्या स्वभावाचा अंदाज आला नाही, त्याने एक डाव राखला यात विशेष ते काय केले? खरा वस्ताद दहाव्या डावाशीच थांबला असता. म्हणूनच, एखाद्या वर्गात मुलाला घालावे की नाही, असा सल्ला मजकडे कोणी मागितला, तर मी त्यास एवढेच विचारावयास सांगतो की गुरुजी, आजपर्यंत तुम्ही परत किती जणांना पाठवले? ज्या गुरुजींना हा प्रश्न समजत नाही, त्यांचे शुल्क परवडले तरी त्यांची विद्या परवडणार नाही.

अर्थात, वाट्टेल त्याला शिकवू नये, या नियमाला खानदेशच्याच इतिहासात एक भला थोरला अपवाद आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८१८ नंतर हा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला खरा, परंतु सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांनी तो अंमल मान्य केल्याचे कोठे दिसेना. फौजा पाठवून झाल्या, बंदोबस्त करून झाला, जाहीरनामे लावून झाले. शेवटी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२५ साली, जेम्स औट्रॅम नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटावर अशी कामगिरी सोपवण्यात आली की ज्यांच्याशी लढून सरकार थकले, त्यांनाच भरती करून त्यांची पलटण उभी करावी. धरणगावी या भिल्ल पलटणीचे ठाणे पडले. म्हणजे ज्यांना लढता येते म्हणून सरकार हैराण होते, त्यांना अधिक चांगले लढायला शिकवावे, असा हा ठराव! कोणत्याही सुज्ञ मामलेदाराने या दरखास्तीवर 'सबब नामंजूर' असा शेरा मारला असता. औट्रॅमसाहेब मात्र त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी करू लागला, आणि विश्वास बसल्यावर त्याने त्यांना जे दिले त्यात बंदूक होतीच. परंतु माझ्या अल्पमतीप्रमाणे खरे काम बंदुकीने केलेच नाही. ते केले हजेरीपटाने. नाव लिहून घेतलेल्या, गणवेश चढवलेल्या आणि पगाराच्या तारखेची वाट पाहणाऱ्या मनुष्याच्या हातून अविचाराने हत्यार चालत नाही, हे गूढ त्या तरुण साहेबाला उमगले होते. त्या पलटणीने पुढे ज्यांच्यावर हत्यार चालवले ते कित्येकदा त्यांचेच भाऊबंद होते, ही या गोष्टीची दुसरी आणि कमी गमतीची बाजू आहे. वस्तादाची जबाबदारी शागिर्दापाशी संपत नाही. शागिर्द कोणाच्या हुकुमाने वागतो, तिथवर ती जाते.

हुकुमाचा विषय निघालाच आहे, तर आता कायद्याकडे वळू. मेकॉलेसाहेबाने १८३७ साली मसुदा केलेला आणि १८६० साली संमत झालेला दंडसंहितेचा ग्रंथ आपण अलीकडे निवृत्त केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तीत चौतिसाव्यापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत जी कलमे आहेत, ती स्वसंरक्षणाच्या हक्काची. जुन्या ग्रंथात जे नव्व्याण्णवावे कलम होते, ते नव्यात सदतिसावे झाले आहे, आणि त्याचा आशय असा की बचावापुरती जितकी इजा आवश्यक, तितकीच करावी, अधिक करू नये. शिवाय सरकारी अधिकाऱ्याकडे धाव घेण्यास अवकाश असेल, तर हा हक्क मुळी उत्पन्नच होत नाही. कायदा म्हणून हे सर्वथा न्याय्य आहे. परंतु पांझरेच्या पुलावर, रात्री साडेदहाला, कोणी गळपट्टी धरली असताना, मनुष्याने मनातल्या मनात इजेचे माप काढावे, ते बचावाच्या मापाशी ताडून पाहावे, सरकारी अधिकारी उपलब्ध आहे किंवा कसे याची खातरजमा करावी आणि मगच गुडघा उचलावा, ही अपेक्षा जरा चढी नाही का? न्यायालयेही सोन्याचा काटा घेऊन बसत नाहीत, असे वकील मंडळी धीर देतात. पण ते फी घेतल्यानंतर.

याहून मौजेची गोष्ट अशी की सदतीस क्रमांकाचे आणखी एक कलम आपल्या मानगुटीवर पूर्वीपासून बसलेले आहे. ते १९५१ च्या पोलीस कायद्याचे. सण, उत्सव, निवडणूक किंवा मोर्चा जवळ आला की जिल्हादंडाधिकारी या कलमाखाली हुकूम काढतात, तो पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा निघतो, आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात तो इतक्या नियमाने छापून येतो की जाणते वाचक त्यावरून पंचांगाचे काम भागवतात. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, लाठ्या अथवा काठ्या बाळगण्यास मनाई. दगड जमवण्यास मनाई. मोठ्याने घोषणा देण्यास, गाणी म्हणण्यास आणि वाद्ये वाजवण्यास मनाई. ज्या इसमास शारीरिक दौर्बल्यामुळे काठी आवश्यक असेल, त्यास बहुधा या हुकुमातून वगळलेले असते. हा अपवाद वाचल्यापासून आमच्या गल्लीतील कित्येक धडधाकट नाना आणि आबा उत्सवाच्या दिवसांत अकस्मात लंगडू लागतात. तात्पर्य, खानदेशातील होतकरू लाठीपटू दोन सदतिसांच्या मधोमध उभा आहे: एक सांगते, बचाव कर पण बेताने, दुसरे सांगते, ज्याने बचाव करायचा ते घरी ठेवून ये.

बेत शिकवणे शक्य असते, हे मी नाकारीत नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला, त्यात लाठी, फरीगदगा, बोथाटी इत्यादी विद्यांचा असा तपशीलवार परामर्श आहे की वाचून छाती भरून यावी. अडचण एवढीच की दरवडेखोर समोर ठाकल्यावर नेमका कोणता खंड उघडावा, हे ऐन वेळी सुचत नाही. चांगला शिक्षक म्हणून दहा खंड विसरायला लावतो आणि चार गोष्टी शिल्लक ठेवतो: अंतर राख, ओरड, सुटका करून घे, पळ. यातली 'पळ' ही गोष्ट शिकवताना शिक्षकाचा चेहरा पाहावा. त्यावरून त्याची योग्यता कळते. ज्याला ती सांगताना संकोच होतो, त्याने चित्रपट अधिक पाहिलेले असतात. पळणे हा या मुलखात अपमान समजला जातो, आणि म्हणूनच आपल्याकडे धावण्याच्या शर्यतीत पदके थोडी व पंचनामे फार.

समग्र शिक्षा योजनेखाली सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचे धडे देतात. अशा एका वर्गाला मी निमंत्रित म्हणून हजर होतो. प्रात्यक्षिकातील दुर्जनाची भूमिका नेहमीप्रमाणे प्रशिक्षकांच्या कृश साहाय्यकाकडे होती. तो अदबीने "धरू का, ताई?" असे विचारून मनगट धरी, मुलगी अंगठ्याच्या दिशेने हात फिरवून सोडवून घेई, तो नियमाप्रमाणे दोन पावले मागे जाऊन कोसळे आणि टाळ्या होत. असा सभ्य दुर्जन सर्वांना लाभो, अशी प्रार्थना मी मनात करीत होतो, तोच मागच्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मनगट धरणारा घरातलाच असला तर?" टाळ्या थांबल्या. मान्यवरांपैकी एकांनी घड्याळाकडे पाहिले. प्रशिक्षक मनुष्य साधा होता, भाषा तावडी वळणाची, शिक्षण बेताचे. पण त्याने शिट्टी खिशात घातली, साहाय्यकाला बसायला सांगितले, मुलींना जवळ गोलात बोलावले, आणि उरलेला सारा तास कोणाला सांगायचे, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्या कोणाला सांगायचे, १०९८ वर काय बोलायचे, ११२ केव्हा लावायचा, आणि यात तुमची चूक कशी नसते, याविषयी तो हळू आवाजात बोलत राहिला. नोंदवहीत त्या दिवशीचा पाठ 'अपूर्ण' म्हणून लिहिला गेला, कारण नियोजित चार डाव शिकवून झाले नव्हते. अनोळखी गुंडाची भीती घालून वर्ग भरवणे सोपे असते. अत्याचार करणारे बहुतेकदा ओळखीतलेच निघतात, हे सांगून वर्ग टिकवणे कठीण. त्या माणसाला कोणता पट्टा होता, हे मी पाहायचे विसरलो नाही. त्याने कंबरेला साधा कातडी पट्टा बांधला होता.

जाता जाता अंमळनेरची आठवण होते. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून काही वर्षे साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्थाही पाहत. मुलांनी खोल्या अस्वच्छ ठेवल्या, तर गुरुजी रागावत नसत. स्वतः झाडून ठेवीत आणि निघून जात. हा डाव तीनशे साठांत नाही. त्यापासून बचाव कसा करावा, हे त्या मुलांना अखेरपर्यंत कळले नाही, आणि आमच्या कराटेवाल्या गुरुजींना मी तो सुचवून पाहिला तेव्हा त्यांनी, झाडण्याचे वेगळे शुल्क पालक देतील काय, अशी व्यवहार्य शंका काढली.

आता एवढे सगळे सांगितल्यावर, जिथे या दोन्ही सदतिसांचा मिलाफ झाला, ते एका तालुक्याच्या गावचे प्रात्यक्षिक तेवढे सांगायचे उरले. शिवजयंतीनिमित्त एका वृद्ध वस्तादांनी आपल्या पोरांचे लाठीकाठीचे खेळ मैदानावर करण्याची परवानगी रीतसर अर्ज करून मागितली. गावात मनाई हुकूम जारी होता. संबंधित कचेरीने बराच विचार करून, दोन्ही बाजूंचे समाधान होईल अशी तजवीज केली आणि लेखी उत्तर पाठवले की लाठीकाठीच्या प्रात्यक्षिकास परवानगी देण्यात येत आहे. मात्र मैदानावर लाठी अथवा काठी आणण्यात येऊ नये. वस्तादांनी कागद दोनदा वाचला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि पोरांना सांगितले की हुकूम म्हणजे हुकूम. ठरल्या वेळी सोळा पोरे रांगेने मैदानात उतरली. त्यांनी रिकाम्या मुठी आवळून सलामी दिली, आडवे हात, उभे हात, बगली, चौमुखी असे सारे फेर एकही पाऊल न चुकता केले, जोड्या लावून एकमेकांचे नसलेले वार नसलेल्या काठ्यांवर झेलले आणि अखेरची सलामी देऊन बाहेर पडली. प्रमुख पाहुणे उशिरा आले होते व त्यांना लवकर निघायचे होते. त्यांनी आपल्या समारोपाच्या भाषणात वस्तादांचा विशेष गौरव केला, आणि काठ्या इतक्या विलक्षण वेगाने फिरत होत्या की त्या दिसल्यादेखील नाहीत, असे भरल्या गळ्याने सांगितले.